शेजारचा ट्रान्झिस्टर

यांचा जुना अँप्लिफायर बंद पडला होता, म्हणून आज उघडला. आत दोन ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी बसवलेले. एक जळून काळा पडलेला, दुसरा कालच दुकानातून आणल्यासारखा.

शाळेत फिजिक्स शिकवल्यामुळे कारण मला ठाऊक होतं. भार निम्मा निम्मा उचलावा म्हणून दोघांना एकत्र जोडतात. पण दोघांतला एक किंचित जास्त तापतो. तापला की तो जास्त करंट वाहून नेतो, त्यामुळे आणखी तापतो, आणि हळूहळू शेजाऱ्याच्या वाट्याचंही त्याच्याकडे येऊ लागतं. शेजारी गार होत जातो. त्याने काहीच केलेलं नसतं. मला त्या काहीच न करण्याचा राग आला.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दोन्ही भावांनी सारखं करायचं ठरलं होतं. माझ्यासमोर ठरलं होतं. पहिल्या हाकेला हे उठले, म्हणून दुसऱ्या हाकेलाही हेच उठले. पुढे कुणी ठरवायला बसलंच नाही. थकत चालले, तसे हे जास्तच करत गेले.

यांच्या तेराव्याला धाकटे भाऊजी म्हणाले, "दादाला कुणी सांगितलं होतं सगळं अंगावर घ्यायला? हौसच होती त्याला." मग निघताना, बूट घालता घालता म्हणाले, "आणि वहिनी, आईला तुमच्याशिवाय कुठे करमतंय?"

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. ती आम्हा दोघांनाही ऐकू आली. भाऊजी बुटाची नाडी बांधत राहिले.