स्वच्छ कॉलनीचा धूर

आमची कॉलनी मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडे. फाल्गुनात कडुलिंबाची पानगळ सुरू झाली की सकाळी पानं झाडायची, ढीग लावायचा आणि काडी ओढायची, ही इथली रीत. त्या वर्षी 'स्वच्छ कॉलनी' स्पर्धा जाहीर झाली आणि या रीतीला सरकारी तेज चढलं. कमिटीच्या अध्यक्षांनी फलक लावला: 'स्वच्छ श्वास, हाच ध्यास'. त्याच फलकाखाली रोज ढीग पेटे. पानांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा तर सायकलचा टायरही.

माझ्या बायकोला दमा. पहिल्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, धुरातले बारीक कण श्वासनलिकांचं अस्तर चिडवतात. ते सुजतं, चिकट कफ साठतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. आत गेलेली हवा बाहेर यायला झगडते. छातीतली शिट्टी ती हीच.

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी आदरानं ऐकलं आणि तुळशीचा काढा सुचवला. त्यांच्या आजीनं जन्मभर चूल फुंकली, तिला काही झालं नाही, हेही ऐकवलं. आजी कशानं गेली, असं मी विचारलं. म्हणाले, खोकल्यानं.

परीक्षक यायचे त्या सकाळी ढीग नेमका आमच्या फाटकासमोर पेटला. मी घरात दम्याचा पंप शोधत होतो. तोवर बायकोनं बाहेर जाऊन त्यावर बादली रिकामी केली होती. अध्यक्ष धावत आले.

"वहिनी, काय केलंत हे? दहा मिनिटांचं काम व्हतं. धूर काय, लगेच उडून जातो."

"जातो ना. माझ्या छातीत जातो." ती दम घ्यायला थांबली. "दहा मिनिटं तुम्ही श्वास धरून उभे राहा. जमलं तर खुशाल पेटवा."

त्यांनी प्रयोग केला नाही. परीक्षकांना आमच्या दारात ओल्या पानांचा चिखल दिसला आणि बक्षीस शेजारच्या कॉलनीला गेलं. सभेत अध्यक्षांनी, एका घराचं सहकार्य लाभलं नाही, अशी खंत व्यक्त केली. सगळ्यांनी वळून आमच्याकडं पाहिलं.

बक्षीस मिळाल्याच्या उत्साहात शेजारच्यांनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा सफाई काढली. त्यांचा धूर वाऱ्यासोबत आमच्याकडं आला. ऐन उन्हात आम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. तिनं पंप ओढला. या वेळी पाणी ओतायला समोर ढीगही नव्हता.