सोडून दिलेली कोलांटी

मुलगी बीमवर चढली की मी डोळे मिटते. चार इंच रुंदीच्या त्या पट्टीवर, छातीएवढ्या उंचीवर, पोटच्या पोरीला उलटं होताना पाहायला काळीज लागतं, आणि माझं तेवढं नाही. ओझरहून नाशिकला जिम्नॅस्टिक्सच्या जिमला वर्षानुवर्षं मी तिला स्कूटरवरून नेलं, पण आत बसले की माझी मान विणकामात.

त्या दिवशी मात्र ठरवलं होतं, बघायचंच. भारताच्या संघातून तिची ही पहिलीच परदेशातली स्पर्धा. बीमच्या वैयक्तिक फायनलमध्ये जाणं एका कोलांटीवर होतं. हात न टेकता मागे घ्यायची आणि परत त्याच पट्टीवर उतरायचं. वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

टीव्हीसमोर मी, नवरा आणि ऐन द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावहून आलेली नणंद. आपल्या चौघी बीमवर जाणार, त्यांतल्या तिघींचे गुण संघासाठी धरणार. म्हणजे एकीचं चुकलं तरी भागतं. दुसऱ्या नंबरला गेलेली मुलगीच पडली. आमच्या मुलीच्याच खोलीत राहणारी. ती खाली मान घालून कोपऱ्यात जाऊन बसली. आमची सगळ्यात शेवटी होती.

मी ओढणी तोंडाशी धरून टक लावून बसले. गिरकी झाली, उडी झाली. कोलांटीची जागा आली, ती क्षणभर थांबली आणि साधी उडी मारून पुढे गेली. एवढा धीर करून डोळे उघडे ठेवले, तर जे पाहायचं तेच गायब!

"अगं, विसरली की काय ही?" मी ओरडलेच.

"वहिनी, पडली नाय हे काय कमी हाय? लय भारी केलं पोरीनं," नणंद म्हणाली.

संघ अंतिम फेरीत गेला. वैयक्तिक फायनल मात्र तिची थोडक्यात हुकली. नणंदेनं हातावर ठेवलेला पेढा मला गिळवेना.

थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. शाबासकी राहिली बाजूला, मी भांडायलाच उठले. "वर्षभर अंग मोडून घेतलंस ना त्या कोलांटीसाठी? ऐन वेळी घाबरलीस?"

"घाबरले नाही. ती पडली होती ना, आई. मीही पडले असते तर दोघींपैकी एकीचे गुण धरावेच लागले असते. आणि संघ बाहेर गेला असता तर सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं असतं."

"कोच मॅडमनी सांगितलं का सोडायला?"

"नाही. वर गेल्यावर माझं मीच ठरवलं."

"आणि तू पडलीच असतीस कशावरून?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "पडले नसते गं बहुतेक. आज पाय अगदी बरोबर पडत होते." आणि रडायला लागली.

मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी राग आला, की इतक्या लहान वयात इतकं शहाणं व्हायला हिला सांगितलं कोणी.