गफूर मिस्त्रींची साखळी

डोळा लागता लागता वनिताला दोनच गोष्टी जाणवतात. खिशातले फ्यूज मांडीला टोचतायत, आणि दूर कुठंतरी पिठाची गिरणी भकभक करतेय. दुपारचे दोन वाजलेत. बोरखडी गावाला वीज देणाऱ्या डीपीवरचे तिन्ही फ्यूज तिनं काढलेत आणि वायरमन मंडळींच्या रिवाजाप्रमाणं खिशात टाकलेत. ज्याला खांबावर चढायचं, फ्यूज त्याच्याच खिशात. म्हणजे खालून कुणी शहाणा लाईट चालू करत नाही. मदतनीस केरबा नवी तार आणायला गेलाय. तो येईपर्यंत लिंबाखाली घटकाभर पडायला काय हरकत आहे?

"सरक जरा," म्हणत गफूर मिस्त्री शेजारी येऊन बसतात.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मयतीला ती स्वतः गेली होती. तरी ती सरकते. बाई वायरमन आली म्हणून सगळे फिदीफिदी हसत होते, तेव्हा निवृत्तीला दहा वर्षं झालेल्या या म्हाताऱ्यानं तिला रोज सकाळी खांबावर चढायला शिकवलं होतं. त्यांना बघून तिला बरं वाटतं, अगदी माहेरचं माणूस आल्यासारखं.

"चहा घ्याल, चाचा?"

"मेलेल्याला चहा पाजतीस? तुला दिलेली साखळी कुठाय?"

"गोणीत आहे. गाडीला."

"तारांवर टाकली न्हाईस?"

वनिता नजर चुकवते. साखळीचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं, दुसरं तारांवर फेकायचं. चुकून तारेत करंट असलाच, तर तो जमिनीत जातो, माणसात नाही. पण साखळी जड, आणि काम पाच मिनिटांचं.

"फ्यूज माझ्या खिशात आहेत की."

"दत्तूच्याबी खिशातच व्हते."

लिंब नाही. खांबही नाहीत. बोरखडी आहे, पण वरचं आभाळ मोकळं. बैलगाडीतून लोखंडी खांब येतायत आणि विशीतला गफूर त्याच्या जोडीदाराबरोबर, दत्तू पवारबरोबर, खड्डे खणतोय. चावडीवर गावातला पहिला दिवा लागतो. बायका त्याला कुंकू लावायला शिडी मागतात. एक म्हातारा त्यावर विडी पेटवायला बघतो. वनिता पोट धरून हसते, हसता हसता वळते, तर ती स्वतःच्या स्वयंपाकघरात आहे आणि ओट्यावर दत्तूला निजवलंय. त्याचे तळहात काळे पडलेत.

"दुसऱ्या लाईनीची तार ह्या तारंवर पडली व्हती," गफूरचाचा सांगतात. "आम्हाला काय ठाव? डीपी तर बंद. मग मी दत्तूच्याच विहिरीवरची रहाटाची साखळी सोडून आणली. तवापासनं तिच्याबिगर तारंला हात लावला न्हाई."

ती साखळी ते तिच्या उजव्या हातात देतात. गार, ओली, जड. वनिताला रडू येतं आणि ती रडते.

"आता मला सगळं येतं असं वाटायला लागलंय, चाचा."

"येतंय की. मग मला सांग, गावात लाईट बंद हाय ना?"

"हो."

"मग गिरणी कशी चाललीय?"

वनिता ताडकन उठून बसते. उजवा तळहात तांबूस आहे. गंजाचा रंग, आणि मधोमध दोन कड्यांचे वळ. समोर गाडीला गोणी लटकतेय. सकाळी तिनं मारलेली गाठ तशीच आहे.

गिरणी भकभक करतेय.

केरबा तार घेऊन येतो तेव्हा ती सळई ठोकत असते. "साखळी कशाला काढलीस? फ्यूज तर खिशात हायेत," तो म्हणतो.

"असू दे. मागं हो."

ती साखळी तारांवर फेकते. चट्‌कन आवाज होतो, निळी ठिणगी उडते आणि दूरची भकभक गचके खात बंद पडते. केरबाच्या हातातलं तारेचं वेटोळं खाली पडतं. वनिता खांबाला धरून उभी राहते आणि पाच मिनिटांत आपला हात कुठल्या तारेवर असता, ते वर बघून घेते.

गिरणीवाला उबाळे बाहेर येऊन ओरडतोय, "माझा नवाकोरा जनरेटर कशानं बंद पडला? आजच लाईटीच्या वायरीला जोडलाय!"

"थांब, येऊन सांगते," वनिता म्हणते, आणि हात न धुता गिरणीकडे चालू लागते.