टाळ्यांसाठी एक माईक

कार्यक्रम संपला की सगळ्यात शेवटी निघतो तो माईकवाला. पाहुणे जातात, खुर्च्यावाला खुर्च्या रचून नेतो, आणि आपण वायरी गुंडाळत बसतो. वायर ओढायची नाही, हाताशी धरून सैल वेटोळी घालत न्यायची, नाहीतर आतली तार तुटते आणि पुढच्या लग्नात भटजींच्या माईकला खरखर लागते. हे मला मालकांनी पहिल्या आठवड्यातच शिकवलं. मालक आमच्याच बाजूचे, कोकणातले, खाडीपलीकडच्या गावचे. घाटकोपरला त्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. माझी शाळा आठवीत सुटली होती. सोडली म्हणवत नाही, सुटली. त्यानंतर घरी बसून आईच्या जिवाला घोर लावण्यापेक्षा ह्याला मुंबईला घेऊन जा, असं कुणीतरी मालकांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी आज कुठे असतो, हा विचार मी त्या वर्षांत रोज करायचो. आणि नोकरी गेली तर, हाही.

राहायला भांडुपला, टेकडीवरच्या गावकऱ्यांच्या खोलीत. एका गावचे बाप्ये एका खोलीत, प्रत्येकाला एक पेटी, एक खुंटी आणि चटईपुरती जागा. रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे म्हणून खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. माणसं चांगली होती. आजारी पडलो तर पेज करून घालायची. पण बोलणं म्हणजे गावातल्या जमिनीचं, गणपतीला रजा मिळेल का ह्याचं. मला त्यात भर घालण्यासारखं काही नसायचं.

त्या बॅंडची चार पोरं मी पहिल्यांदा ऐकली अंधेरीच्या एका कॉलेजात. आमचा टेम्पो सामान घेऊन गेला होता. इंग्रजी गाणी, लांब केस, ड्रमचा एकेक ठोका उभ्या स्पीकरच्या कॉलममधून निघून छातीवर यायचा. बाकीची पोरं ओरडून परदेशातल्या प्रसिद्ध गाण्यांची फर्माईश करत होती. ही चौघं दोन तशी वाजवायची आणि मध्येच गुपचूप स्वतः बांधलेलं एक घुसवायची. गाणारा मरोळचा ख्रिश्चन मुलगा. गिटारवाला मुलुंडचा, मराठी, त्याचे वडील ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ. गाणी तो बांधायचा.

मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी त्यांची स्वतःची गाणी मला लगेच ओळखू आली. का आवडली ते सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की मुंबईत आल्यापासून माझ्याशी जो कुणी बोले तो काहीतरी काम सांगे. उचल, ठेव, सरक, आवाज वाढव. ही गाणी मला काहीच करायला सांगत नव्हती.

लग्नात सनई लावायला आमच्याकडे एक टेप डेक असायचा. सगळे माईक जिथे येऊन मिळतात त्या मिक्सरला तो जोडलेलाच होता. त्यात मी त्या दिवशी माझी कॅसेट घातली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पुढे ती चौघं आमचंच सामान घेऊ लागली आणि मी प्रत्येक कार्यक्रमाला हेच करू लागलो. बोरिवलीचा हॉल, मुलुंडचं जिमखान्याचं आवार, चर्चच्या मागचं मैदान. वायरी गुंडाळताना स्टेजवर जे पडलेलं असे तेही उचलायचो. तुटलेली तार, ड्रमच्या काठीचा ढलपा, पायाशी चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद. बाहेर भिंतीवरचं पोस्टर पाणी लावून सोडवायचो. सगळं पेटीत. कपडे खुंटीवर गेले. गाण्यांची नावं वाचून काही अर्थ लागेना, म्हणून मी माझीच नावं ठेवली होती. एक ‘उधाण’, एक ‘शेवटची एसटी’, एक ‘ताप उतरला’.

खोलीत कॅसेट लावली की थट्टा सुरू व्हायची.

“ह्यो गाता काय रडता रे?”

“ह्येच्या पोटात दुखता. ओवा दी त्येका.”

मग मी आवाज बारीक करून कान लावून ऐकायचो. कुणाला ऐकवावं असं कुणीच नव्हतं. त्या चौघांना तर मी आहे हेही माहीत नसावं. त्यांच्यासाठी मी “ए माईक, जरा वाढव” एवढाच होतो.

बोरिवलीला पकडला गेलो. हॉल रिकामा झाला होता, मी स्टेजवर उकिडवा बसून तो कागद नखानं सोडवत होतो. गिटारवाला विसरलेलं काहीतरी न्यायला परत आला.

“काय करतोस रे?”

“कचरा काढतोय.”

“मग खिशात काय घालतोस?”

न विचारता रेकॉर्डिंग केलं म्हणून हा मालकांना सांगणार, मालक मला गावी धाडणार, आई ओटीवर बसून माझ्याकडे बघणार, एवढं सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. आणि घाबरलेला माणूस जास्त बोलतो. त्यानं विचारलं नव्हतं तेही मी सांगून टाकलं. कॅसेटी आहेत, पुष्कळ आहेत, पोस्टरं आहेत, मी कुणाला विकलं नाही.

“आमच्याकडे आमची एकसुद्धा कॅसेट नाही यार,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो दुकानात आला. मालक बाहेर होते. स्पीकरच्या खोक्यावर बसून त्यानं माझी एक कॅसेट ऐकली, डोळे मिटून. गाणं संपलं. पुढे काहीच नाही. नुसती शांतता, मग दुसरं गाणं, मग परत शांतता. त्यानं डोळे उघडले.

“लोक कुठे गेले?”

“होते ना. बोरिवलीला हॉल भरला होता.”

“मग टाळ्या कुठायत? हे तर स्मशानात वाजवल्यासारखं वाटतंय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाणं संपलं रे संपलं की मी सगळ्या माईकचे आवाज खाली ओढायचो. मोकळ्या माईकला शिट्टी पडते, कान फाटतात, लोक वळून माईकवाल्याकडे बघतात. त्या शिट्टीची मला सतत धास्ती. त्या धास्तीपायी दोन-अडीच वर्षं मी त्यांच्या टाळ्या कापत आलो होतो, आणि खोलीत एकटा ऐकताना मला काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं.

मग त्यानं सांगितलं की तो अमेरिकेला शिकायला जातोय, बॅंड बंद होतोय. अंधेरीच्या त्याच कॉलेजात शेवटचा कार्यक्रम आहे.

“मला त्या दिवसाची एक कॅसेट दे. माणसांसकट. घरी कुणी कधी आलं नाही ऐकायला. बाबा म्हणतात, तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येतो. तिकडे गेल्यावर मलासुद्धा तसंच वाटायला लागेल रे. कुणी ऐकत होतं एवढं तरी त्यात असू दे.”

“देतो,” मी म्हणालो. इतकं महत्त्वाचं काम मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यासाठी आणखी एक माईक हवा होता, लोकांकडे तोंड करून ठेवायला. मालकांचा नियम होता की ऑर्डरबाहेरचं सामान निघायचं नाही. मी तीन दिवस तोंड उघडलं नाही. शेवटी टेम्पो भरताना विचारलं.

“टाळ्यांक माईक?” मालक म्हणाले. “टाळये भाषण करतत काय?”

मी वायरींचं खोकं टेम्पोत सरकवलं. ते आत गेले आणि मंत्र्यांच्या सभेला काढायचे तो चांगला माईक फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

“मोडलंस तर गावाक धाडीन, मेल्या.”

ते बोलणं गमतीचं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसलो.

कॉलेजचं अंगण खच्चून भरलं होतं. तो माईक मधोमध, गर्दीत ठेवायला हवा होता, हे मला नक्की माहीत होतं. स्टॅंड घेऊन मी गेलोही. पण पोरं आत्तापासूनच खांद्यावर हात टाकून उड्या मारत होती. एकाचा धक्का लागला, स्टॅंड कलला, मी दोन्ही हातांनी धरला. आणि मागे फिरलो. माझ्या मिक्सरच्या टेबलाजवळ, अगदी हाताशी तो उभा केला. इथून काय, सगळ्यांचा आवाज येईलच, असं मनाला सांगितलं.

त्या दिवशी खरंच लोकांनी ऐकलं. गाणाऱ्यानं सांगून टाकलं की आमचं हे शेवटचं, आणि त्यानंतर फर्माईशी बंद झाल्या. त्यांनी सगळी स्वतःचीच गाणी वाजवली. ‘शेवटची एसटी’ला तर पोरं नुसती उभी राहिली, कुणी हललं नाही, आणि संपल्यावर असा काही आवाज उठला की मिक्सरचे काटे थरथरले. टाळ्यांचा माईक मी मुळीच खाली ओढला नाही. शिट्टी पडली नाही.

पुढचे दिवस लग्नांचे होते, एकामागून एक. कॅसेट ऐकायला उसंत मिळाली नाही. गिटारवाला आला तो थेट जायच्या दिवशी, संध्याकाळी. बाहेर त्याचा मित्र स्कूटर चालूच ठेवून उभा.

“लाव लवकर. एकच गाणं ऐकतो.”

लावली. गाणं छान आलं होतं. ते संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. पण कशा? अगदी जवळून, दोन हातांच्या. जाड, मोठ्या, नारळ फोडल्यासारख्या. त्यांच्या मागे खूप लांब, सुपात तांदूळ पाखडावेत तसं सगळं कॉलेज. आणि टाळ्या थांबल्यावर एक सुस्कारा आणि माणसाचा आवाज, “झालां बाबा. नीट झालां.”

मला पळून जावंसं वाटलं. मी टाळ्या वाजवतो हे मला ठाऊक होतं, पण बोलतो हे माहीत नव्हतं. त्यानं कॅसेट पुढे पळवली. दुसरं गाणं संपलं. टाळ्या. “झालां बाबा. नीट झालां.” तिसरं. परत तेच.

“प्रत्येक गाण्याला?” तो म्हणाला.

“वाट लागली कॅसेटची,” मी म्हणालो. “मधे ठेवायचा होता माईक. मी घाबरलो.”

“तू हे दर वेळी म्हणतोस? बोरिवलीला, मुलुंडला पण?”

“म्हणत असेन.”

“म्हणजे काय? गाणं आवडलं म्हणून?”

“शिट्टी नाही पडली म्हणून.” खोटं बोलवेना. मग म्हटलं, “आणि गाणं पण.”

तो हसायला लागला. खोक्यावर बसून, पोट धरून हसला. मीही थोडा हसलो, कारण काय करावं ते कळत नव्हतं. मग तो एकदम थांबला आणि त्यानं डोळे पुसले, ते हसण्यामुळेच असावं. बाहेर मित्रानं हॉर्न वाजवला.

“पहिल्यापासून होतास ना तू?”

“अंधेरीपासून.”

“काही पुसू नकोस ह्यातलं,” तो म्हणाला. डेकचं झाकण उघडून त्यानं कॅसेट काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. “तिकडे कॉपी करून पाठवतो तुला. नक्की.”

दोन गल्ल्या सोडून कॅसेटी भरून देणारा एक जण होता, त्याच्याकडे कॉपी काढायचा दोन खणांचा डेक होता. तासभर थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण विमानाची वेळ, स्कूटर, त्याच्या घरचे वाट बघत असतील, आणि त्यानं कॅसेट नको म्हटली नाही हेच मला इतकं मोठं वाटत होतं की तोंड उघडलं नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला. तो वळणाआड गेल्यावर माझं लक्ष काउंटरवर गेलं. कॅसेटची डबी तिथेच राहिली होती. मी डबी घेऊन रस्त्यापर्यंत धावलो. मग उभा राहिलो. मग परत आलो.

कॉपी आली नाही. मी त्याला दोष देत नाही. वर्षभरात मालकांनी दुकान विक्रोळीला हलवलं, आणि पत्ता कळवायला त्याचा पत्ता मला कुठे माहीत होता. आली असेल तर घाटकोपरच्या बंद शटरखालून कुणीतरी उचलली असेल.

बाकीच्या सगळ्या कॅसेटी आहेत. गाणी स्वच्छ, आणि प्रत्येक गाण्यानंतर ती माझ्या हातची शांतता. ती चौघं त्यांत आहेत, मी कुठेच नाही. ज्या एकीत आहे ती तिकडे आहे, असली तर.

त्यानंतर कधीतरी खोलीतल्या एकाला गावी आवाज भरून पाठवायचा होता. डबी हवी म्हणून त्यानं मला विचारून माझी पेटी उघडली.

“ही रिकामी आसा. घेव?”

“नको. दुसरी देतो.”

“हिच्यात काय आसा? नुसतो कागद.”

कागद म्हणजे अंधेरीच्या शेवटच्या कार्यक्रमात स्टेजवरून सोडवलेला गाण्यांचा क्रम. मी त्याला दुसरी डबी शोधून दिली. काउंटरवर राहिलेली ही परत रांगेत तिच्या जागी ठेवली, शेवटची, आणि पेटीचं झाकण लावलं. तो चटईवर बसून आईशी बोलावं तसं टेपरेकॉर्डरशी बोलू लागला. मी त्याच्यासाठी माईक धरला.