एका उखळाला दोन मुसळं

"तोंड चालू दे गो, हात चालतोय ना?" शहापूरच्या आमच्या आळीतली कांडपीण म्हातारी हे दिवसातून दहादा म्हणायची. ज्यांना म्हणायची त्या बायका बाजारात भटकणाऱ्या, अंगावर धड लुगडं नसलेल्या, स्वतःशीच बोलणाऱ्या. लोक त्यांना हुसकावून लावत. म्हातारी त्यांना पडवीत आणून पेज पाजायची आणि नावगाव न विचारता हातात मुसळ द्यायची.

तुम्ही कांडप पाहिलं असेल. एका उखळाला दोघी. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. समोरचीकडे ध्यान नसेल तर मुसळावर मुसळ आपटतं. मी तिचा शेजारी, शाळेत मास्तर. एकदा हौसेने मुसळ उचललं आणि तिसऱ्याच घावाला तिच्या मुसळावर आपटलं.

"मास्तर, तुमच्यापरीस या शान्या," ती म्हणाली. ते खरंच होतं.

एका सकाळी त्या पडवीत मला माझी सख्खी आत्या कांडताना दिसली. मूल गेलं तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, मग मुरबाडकडच्या आमच्या घरातूनही ती निघून गेली. खरं सांगायचं तर चार वर्षांत आम्ही तिला फारसं शोधलंही नव्हतं.

मी लगेच तिला गावी न्यायला निघालो. म्हातारीने अडवलं. "आता चैत हाय. लोकं रिकामी बसल्यात, ती तोंड बघतील. भाताच्या आवणीला न्या, तवा हात बघतील."

शिकलेल्या माणसाला हे कुठलं पटायला? मी नेलं. अंगणात गाव गोळा झाला आणि वडिलांनी, तिच्या पाठच्या भावाने, दार लावून घेतलं. आत्या पळाली ती तीन दिवसांनी पुन्हा पडवीत सापडली. म्हातारीने पेज पाजून तिच्या हातात पुन्हा मुसळ दिलं होतं. ते बघून मी शरमेने मेलो.

आषाढात भातलावणीला म्हातारी आमच्याबरोबर स्वतः आली. घराकडे न वळता आत्याचा हात धरून थेट शेतात उतरली आणि बायकांच्या ओळीच्या टोकाला दोघी वाकल्या. रोपं वाढून चालली होती, हात कमी होते. बायकांनी सरकून जागा दिली. आत्या पुटपुटत होती, पण रोप सरळ लागत होतं. वडील बांधावरून बराच वेळ तिचे हात बघत होते. दुपारी आईने भाकरी वाटताना तिच्या हातावरही एक ठेवली. दिवस मावळताना वडील म्हणाले, "चल गो, घरी."

आत्या पुरती बरी कधीच झाली नाही. अजून बडबडते. पण घरची आहे, आणि ते त्या म्हातारीमुळे. हे मला तिला कधी बोलून दाखवता आलं नाही. ती मात्र दर आवणीला येऊन आत्याशेजारी उभी राहायची.

एका वर्षी ती आली नाही, ती गेल्याचा निरोप आला. मी तो शेतातच आत्याला सांगितला. ती लावत राहिली, फक्त शेजारी एका बाईपुरती जागा सोडून. आमची एक चुलती ती भरायला सरकली.

"ऱ्हाऊ दे," वडील बांधावरून म्हणाले. "ती जागा म्हातारीची हाय."