घुमटाबाहेरच्यांची भाषा

मी मारामारीचे सिनेमे बघते, हे फारसं कुणाला माहीत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये विषय निघाला तर मी वह्या तपासायला घेते. माझ्याकडे बघून कुणाला वाटणारही नाही. मी हळू बोलते, चारचौघांत तर बोलतच नाही. पण यंत्रं, परग्रह, बंदुका आणि रक्ताच्या चिळकांड्या असलेले सिनेमे मी लॅपटॉपवर हेडफोन लावून बघते. त्यातले जे मारामारी दाखवता दाखवता मारामारीचीच टर उडवतात, ते मला सगळ्यांत जास्त आवडतात.

तसाच एक सिनेमा होता. भविष्यातलं एक शहर काचेच्या प्रचंड घुमटाखाली राहतं. घुमटावर बाहेरून दव साचतं, पन्हाळीतून गळतं, आणि ते प्यायला राखाडी कातडीचे, लांब हातांचे जीव येतात. शहराचे शिपाई त्यांना उडवतात. मरण्याआधी प्रत्येक जीव काहीतरी बोलतो. शिपायांच्या छातीवर भाषांतराचं यंत्र असतं, आणि जीव काहीही बोलो, ते यंत्र गोड आवाजात एकच सांगतं, "हल्ला. हल्ला." मग गोळ्या सुटतात. हिरवं रक्त काचेवर उडतं, आणि लगेच टीव्हीवरची निवेदिका पिवळ्या कोटात हसत येते. ती हवामान सांगते, काच पुसायच्या नव्या साबणाचं कौतुक करते आणि आजच्या शूर शिपायाला आइस्क्रीमचा कप देते.

पहिल्यांदा बघताना मी अर्धा वेळ डोळ्यांवर हात ठेवला होता. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा कळलं की सगळा सिनेमा त्या निवेदिकेत आहे. ती नसेल तर उरते ती फक्त कत्तल.

हा सिनेमा मी दादाला दाखवला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पांढरकवड्याच्या बाजाराच्या रस्त्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि फावल्या वेळात तो परदेशी सिनेमांच्या तुकड्यांवर वऱ्हाडी बोलणं चढवून व्हिडिओ टाकतो. आमच्याकडे हे प्रकार फार चालतात. अवकाशयानाचा कप्तान दुसऱ्याला "काहून बे, तुह्या बापाचं रॉकेट हाय काय?" म्हणतो आणि लोक हसून हसून बेजार होतात. दादाचे व्हिडिओ पुसद-उमरखेडपर्यंत फिरतात याचा त्याला अभिमान आहे. सगळे आवाज तो स्वतःच काढतो, बायकांचेसुद्धा. मला त्याने अनेकदा विचारलं. मी आवाज द्यावा, हे शक्यच नव्हतं.

रविवारी दुपारी कूलरसमोर बसून त्याने सिनेमा बघितला. मी मधेमधे थांबवून अर्थ सांगत होते.

"हे भुतं काय बोलून राह्यले?" त्याने विचारलं.

"ते सिनेमात कुठेच सांगितलेलं नाही. तोच तर मुद्दा आहे. यंत्र सगळ्याचं एकच भाषांतर करतं."

"म्हणजे तुले बी माहीत नाई. एवढं इंग्लिश मीडियम कायले शिकलं मंग?"

"दादा, ते इंग्रजी नाहीच आहे."

"बरं बरं. थे पिवळ्या कोटवाली लय बोर करते पण. तिले उडोतो."

"तिला काढू नको ना. तिच्यामुळेच तर..."

"लोकं मोबाइलवर पाह्यतेत, बाई माही. गोळी सुटली पाह्यजे, मांग एक डायलॉग पाह्यजे. भाषण कोन ऐकते?"

आठवडाभरात व्हिडिओ तयार झाला. आमच्या ओसरीवर सगळ्यांनी मिळून बघितला. निवेदिका गेली होती, साबण गेला होता, आइस्क्रीमही गेलं होतं. शिपाई गुरकावत होता, "काहून बे, फुकटचं पानी पेतं? टॅक्स भरला काय?" आणि धडधड गोळ्या. काकू पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही एक-दोन ठिकाणी हसू आलं. दादाला बोलायची वेळ बरोबर साधते, ते नाकारता येत नाही.

आणि त्या जीवांच्या तोंडी दादाने कोलामी घातली होती.

ती त्याला येते, म्हणजे चार-पाच वाक्यं येतात. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून, लोक मोबाइल घेऊन येतात. दादा त्यांना त्यांच्या भाषेत 'या' म्हणतो, 'बसा' म्हणतो, 'पाणी घेता का', 'जेवलात का' विचारतो. बाजारातला दुसरा कुठलाच दुकानदार हे करत नाही. म्हातारी माणसं खूश होतात, दुसऱ्या दुकानात जात नाहीत. दादा हे फक्त धंद्यासाठी करतो असंही नाही, त्याला ते मनापासून आवडतं. पडद्यावरच्या जीवांना अनोळखी भाषा हवी होती. दादाला ही तेवढी येत होती, म्हणून त्याने तीच वापरली. राखाडी जीव लांब हात पुढे करून 'जेवलात का' म्हणायचा आणि त्याच्या चिंधड्या व्हायच्या.

ते शब्द मी इथे लिहीत नाही. मला ते नीट उच्चारता येत नाहीत, आणि ते पुष्कळ वाजवून झाले आहेत. त्या दिवशी मात्र माझं लक्ष तिकडे नव्हतंच. निवेदिका कापली याचंच मला वाईट वाटत होतं.

मी ज्या इंग्रजी शाळेत शिकवते तिथे पहिलीच्या वर्गाला एक मॅडम आहेत. त्या कोलाम आहेत. पोडावरून शेअर रिक्षाने येतात, सोबत त्यांची मुलगी असते, ती केजीत आहे. आम्हा दोघींची मैत्री म्हणावी अशी नव्हती. दोघीही कमी बोलणाऱ्या, म्हणून डबा खायला एका बाकावर बसायचो, एवढंच. लहान सुट्टीत मुलगी धावत यायची आणि मॅडम डबा उघडताना तिला कोलामीत काहीतरी विचारायच्या. ती तोंडात घास घेऊनच भडाभडा बोलायची. मला त्यातलं काही कळत नसे. ऐकायला बरं वाटायचं. दिवसभर शाळेत सगळे शब्द मोजूनमापून, चुकेल की काय या भीतीने बोललेले ऐकू येतात. हे बोलणं तसं नव्हतं.

व्हिडिओ आल्यानंतर काही दिवसांनी मैदानावर एक नवीन खेळ दिसायला लागला. अर्धी मुलं हात लांब करून, पाठ वाकवून चालायची आणि एक कोलामी वाक्य म्हणायची. उरलेली बोटांच्या बंदुका करून त्यांना मारायची. मेलेली मुलं धुळीत लोळायची, मग पाळी बदलायची. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते. वाक्य ओळखीचं वाटलं, मग आठवलं, दादाच्या व्हिडिओतलं 'जेवलात का'. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्याही बघत होत्या.

त्याच सुट्टीत मुलगी डब्यापाशी आली. मॅडमनी रोजच्यासारखं विचारलं. मुलीने आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे. उत्तर दिलं नाही. भाकरीचा तुकडा घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिने आईच्या तोंडावर हात ठेवला.

मॅडम माझ्याशी बोलल्या ते शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. बाकांवरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होत्या. "मिस, तो व्हिडिओवाला तुमचा भाऊ आहे ना?"

"चुलतभाऊ," मी म्हणाले. चुलत असल्याने काय फरक पडणार होता, कुणास ठाऊक.

"आमच्या पोडावर पण आला तो व्हिडिओ. जवान पोरं हसली. म्हणाली, आपली भाषा टीव्हीत आली." त्या थांबल्या. "मला नाही हसू आलं. पण मला कोणाशी भांडायचं नाही. माझ्या पोरीला पोरं म्हणतात, तू भूतवाली भाषा बोलते, तुला गोळी मारायची. ती आता घरी पण गप्प राहते. आणि माझ्या सासूला दुसरं काही बोलताच येत नाही. दिवसभर पोरीची वाट पाहते ती. ही बोलली नाही तर म्हातारी कोणाशी बोलणार?"

मी सिनेमाबद्दल सांगायला लागले. मूळ गोष्ट उलट आहे, त्यात शिपायांचीच टिंगल आहे, त्या जीवांचा काही दोष नसतो हेच त्यात दाखवलंय. शब्द भराभर येत होते. इतकी मी कधी बोलत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्या पिक्चरमध्ये पण मरतात तेच ना?"

"हो."

"मग पोरांना तेवढंच दिसणार."

मी त्याच संध्याकाळी दुकानात गेले. दादा भिंगातून एका उघड्या मोबाइलमध्ये बघत होता. मी सांगितलं. आधी त्याला खरंच कळेना.

"मी त्यायची मस्करी नाई करून राह्यलो. मी त्यायच्या भाषेत बोलतो त्यायच्याशी! पुऱ्या लाइनीत कोन बोलते, सांग मले?"

"तू बोलतोस. पण व्हिडिओत ते बोलतं कोण? आणि बोलल्यावर त्याचं काय होतं?"

"अवं, थे तर परग्रहावरचे हायेत."

"दादा, पोरगी पाच वर्षांची आहे. तिला परग्रह काय माहीत? तिच्या आजीसारखं बोलणारा येतो आणि मरतो, आणि सगळे हसतात, एवढंच तिला दिसतं."

त्याने एक स्क्रू उचलून डबीत ठेवला, परत काढला. मग म्हणाला, "तू तवा काहून नाई बोलली? तू तर हासत होती."

उत्तराची वाट न पाहता त्याने माझ्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. त्याचा सगळ्यांत जास्त चाललेला व्हिडिओ होता तो. "घे. गेला." पण तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मुलाने काउंटरवर टेकून विचारलं, "भाऊ, काढला कायले? माह्याजवळ सेव्ह हाय, पाठवू काय?" दादाने त्याला हाकललं. तो हसतच गेला. त्याला ती गंमत वाटली.

दादा वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी तो स्वतः फाटकाशी येऊन उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडम मुलीचा हात धरून रिक्षाची वाट बघत होत्या, मी बाजूला होते.

"मॅडम, चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मले तसं वाटलंच नाई."

"काढला ना तुम्ही? झालं मग." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

दादाचं तेवढ्याने समाधान होईना. तो मुलीसमोर उकिडवा बसला, आणि त्याला जे सगळ्यांत प्रेमाचं वाटलं ते त्याने केलं. बाजारातल्या म्हाताऱ्यांना विचारतो तसं, हसून, तिच्या भाषेत तिला विचारलं, जेवलीस का.

मला त्याला अडवायचं होतं. तोवर तो विचारून झाला होता.

मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे बघितलं. सरळ उभी राहून म्हणाली, "यस, अंकल."

"अरे वा!" दादाचा चेहरा फुलला. "पाय बरं, एवढीशी पोट्टी, किती फर्राट इंग्रजी बोलते!"

मॅडम खाली वाकून मुलीच्या कानाशी हळूच काहीतरी बोलल्या. मुलगी मराठीत म्हणाली, "आई, इथे नको." रिक्षा आली. मॅडमनी तिला आधी चढवलं, दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतलं. दादा उकिडवाच बसला होता. धूळ उडाली तेव्हा उठला, गुडघे झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पुन्हा चुकलो काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी असे सिनेमे बघायचं सोडलं, असं नाही. बघते. फक्त आता निवेदिका हसत आली की मला प्रश्न पडतो, हे ज्यांच्यासाठी केलंय त्यांच्यापर्यंत पोचतं, की जे आधीच हसायला तयार बसलेत त्यांच्यापर्यंतच? बनवणाऱ्याला वाटतं तो शिपायाला हसतोय. आमच्या मैदानावर सगळ्यांना शिपाईच व्हायचं असतं. राखाडी जीव व्हायची पाळी आली की पोरं कुरकुरतात. आता तो खेळ कमी झालाय, दुसरा काहीतरी आलाय, पण मधूनच कुणीतरी ते वाक्य ओरडतं आणि दुसरा पडतो.

दादा फाटकाशी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी मॅडमना विचारलं होतं, "काल घरी गेल्यावर बोलली का ती?"

"फाट्यापर्यंत नाही बोलली," त्या म्हणाल्या. "रिक्षात दुसरी पोरं होती. फाट्यावर ती पोरं उतरली, तरी नाही. मग आमचं पोड आलं, आम्ही उतरलो. रिक्षा वळून गेली, रिक्षाचा आवाज यायचा बंद झाला, तेव्हा बोलली. आजीला हाक मारली." त्यांनी भाकरी मोडली. "आधी चारी बाजूंनी बघून घेतलं तिने."