कपाटातली मोटार

ती मोटार मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आतून बैलगाडीचं वंगण निघालं. दसऱ्याला पाटलांनी नांगराबरोबर, बंदुकीबरोबर तिचीही पूजा केली होती आणि पूजेआधी गड्याने सगळ्या चाकांना वंगण घातलं होतं. दातेरी चाकांत वंगण, वंगणात कुंकू आणि कुंकवात झेंडूची एक पाकळी.

"बैलगाडीले चालस, मंग हिले काय व्हस?" पाटील म्हणाले.

मी शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि हौसेने रेडिओ दुरुस्त करायचो. पाटलांच्या तापीकाठच्या गावात मोटार दुरुस्त करायला एवढी पात्रता पुरेशी होती. मोटार खेळण्यातली, पत्र्याची, जपानी, वीतभर लांब. पाटलांच्या मुलाने ती मुंबईला एका खलाशाकडून घेतली होती. सोबत बटणाची डबी होती. बटण दाबलं की डबीत ठिणगी पडायची आणि तारेचा काही संबंध नसताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोटार चालू लागायची. पुन्हा दाबलं की वळायची, पुन्हा दाबलं की थांबायची. गावाला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला ती दाखवली जाई. एका साहेबांनी तर तिच्यापुढे नारळ फोडून देशाच्या औद्योगिक प्रगतीवर भाषण केलं. जपानचा उल्लेख त्यांनी टाळला.

पुढे कावीळ होऊन मुलगा गेला. मोटार बैठकीतल्या काचेच्या कपाटात गेली, त्याच्या फोटोशेजारी. त्याच्या आईचं एकच म्हणणं होतं, ती बंद पडता कामा नये. सेल कायम घातलेले, कळ कायम चालू. बटणाची डबी मात्र तिने पेटीत टाकून कुलूप लावलं. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी मी जायचो. फुटलेल्या सेलची पांढरी बुरशी खरवडायची, पितळी पट्ट्या काचकागदाने घासायच्या. मोटारीच्या पोटात लोखंडाच्या किसाची एक बारीक काचेची नळी होती. डबीत ठिणगी पडली की तो कीस एकमेकाला धरायचा आणि वीज वाहू द्यायचा. हा कीस दमट हवेत चिकटून बसे, म्हणून नळी टिचकी मारून मोकळी करावी लागे. ज्या यंत्राला कुणी चालवणारच नव्हतं ते चालण्याच्या तयारीत ठेवणं, असं ते काम होतं. करताना मला बरं वाटत नसे.

वर्ष सरलं. मागे राहिलेल्या सुनेचं वय विशीच्या आतबाहेर. तिच्या भावाने तिला माहेरी नेऊन पाट लावून द्यायचं, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचं ठरवलं. त्यांच्यात तशी रीत होती. फक्त पाटलांचं म्हणणं, मोठ्या घरात ती चालत नाही. ही मोठी घरं कोणती, ते पाटीलच ठरवत.

भाऊ बोलणी करायला आला तेव्हा कपाटात मोटार आपोआप हालली. घुर्र आवाज करून पुढे आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. बोलणी तिथेच मोडली.

"मास्तर, त्याले पसंत नही," पाटलांनी नंतर मुलाच्या फोटोकडे बोट करून मला सांगितलं.

भाऊ दुसऱ्यांदा येणार होता त्या दिवशी पाटलांनी मला मुद्दाम बोलावलं. मोटार ठाकठीक आहे, हालली तर बिघाडाने नाही, असं शिकलेल्या माणसाने म्हणावं, ही अपेक्षा. मी सकाळी ती साफ करून जागेवर ठेवली.

दुपारी चहा झाला. भाऊ म्हणाला, "पाटील, वरीस व्हई गं. आमन्ही पोर आमले द्या."

मग कपाटातून घुर्र आवाज आला. मोटार हळूच सरकली, फोटोकडे वळली आणि चौकटीला टेकून चाकं फिरवत राहिली. दाराआड सून उभी होती. तिने पदर तोंडावर धरला होता आणि ती मोटारीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात बाहेरचं इंजिन मला ऐकू आलं. भावाची जीप ठेकेदाराकडून मागून आणलेली, धडगावच्या घाटात खिळखिळी झालेली. ड्रायव्हर ती सावलीत घेत होता. मी उठलो आणि सांगितलं, पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, मोटार त्या ठिणगीला फसते, मागच्या वेळीही जीपच होती. मग मोटार थांबवून नीट ठेवली आणि ड्रायव्हरला इंजिन पुन्हा चालू करायला लावलं.

मोटार हालली नाही. तीनदा इंजिन चालू केलं. नाहीच. कीस चिकटला असणार, मी म्हणालो. माझंच मला ते पटेना.

"तुम्ही सांगं म्हनीसन ती उगी ऱ्हायनी," पाटील शांतपणे म्हणाले. दाराआडची बांगडी वाजली.

मग आतून मुलाची म्हातारी आई आली. एरवी ती पुरुषांच्या बैठकीत येत नसे. कपाटासमोर बसली.

"मी रोज दुपारले अठे बठस. जेवना का रे, म्हनस. पानी देऊ का, म्हनस. मन्हासाठे ही कधीच हालनी नही." ती नवऱ्याकडे वळली. "तो शे, तं तिले निरोप देवाले उना. तो नही, तं पत्राना डबाले काय इचारतस? जाऊ द्या तिले."



सून गाठोडं घेऊन बाहेर आली. सासऱ्याच्या पाया पडली, फोटोपुढे वाकली. म्हातारी तिचा हात धरून बाहेर गेली. थोड्या वेळाने जीपचं इंजिन सुरू झालं आणि बैठकीतले आम्ही सगळे, मी धरून, कपाटाकडे वळलो. मोटार हालते का, ते बघत राहिलो. जीपचा आवाज नदीच्या वाटेने पार विरून गेला तरी कुणी मान फिरवली नाही. पोर जाताना कशी दिसली, हे एकट्या म्हातारीला ठाऊक.